डाव्या डब्यातली रत्ने

४ मार्च, मंगळवार

ही वही पुढून खर्चाची आहे. आज ती उलटी धरून मागच्या पानापासून लिहायला घेतली. ज्याची बेरीज करता येते ते पुढे, येत नाही ते मागे. नवी वही आणावी असे क्षणभर वाटले, पण ही अर्धी कोरी असताना दुसरी आणायची म्हणजे उधळपट्टीच.

तर गोष्ट अशी, की आज मी कामाला गेले. एकोणपन्नास वर्षांची बाई, शिक्षण मॅट्रिक. हे ज्या रत्नांच्या दुकानात एकतीस वर्षे खडे पारखतात तिथेच. ह्यांच्या रजेचा अर्ज मी लिहून दिला होता, त्यातले अक्षर धाकट्या मालकांना आवडले.

"काकू, काय मोत्यासारखं अक्षर आहे तुमचं! आपल्या प्रत्येक खड्याला एक कार्ड हवंय, हाताने लिहिलेलं. छापील कोण वाचतो? हाताने लिहिलं की माणसाला वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी बसून लिहिलंय."

थोरल्या मालकांना गुडघ्यांनी घरी बसवल्यापासून गल्ल्यावर धाकटेच असतात. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणे त्याहून. हे त्यांना घरात 'झिलई' म्हणतात. मी दटावते, पण नाव माझ्याही जिभेवर बसले आहे. दुकानात निसटले तर पंचाईत.

ह्यांना विचारले, "मी आलेलं तुम्हाला आवडलं ना?"

म्हणाले, "मोत्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे." आणि जेवायला बसले. ह्यांचे हे असेच.

७ मार्च, शुक्रवार

दुकानाच्या मागच्या खोलीत ह्यांचे टेबल आहे. त्यावर पांढरे कापड, चिमटा, काटा, भिंग. उजवीकडे चांगल्या मालाचे खण, डावीकडे एक पत्र्याचा डबा. जो खडा धुरकट, तडकलेला, ठिपक्यांचा, तो ह्या डब्यात. दुकानात त्याला 'डावा माल' म्हणतात. आजवर तो कपड्यांवर खडे टाचणारे वजनावर घेऊन जायचे.

आज झिलईने तो डबाच मखमलीच्या तबकात ओतला.

"ह्यांना नावं हवीत, काकू. मी काही काढलीत. हा बघा, रॉयल सनराइज रूबी."

खडा बोराएवढा होता, गुलाबी, आत साय धरल्यासारखा. मी सहज म्हटले, "सनराइज कशाला? पहाट म्हणा. पहाटमाणिक."

झिलई खुर्चीवरून उठलेच. "पुन्हा म्हणा!"

मग नावे येतच गेली. धुरकट निळा तो 'मेघनीलम'. हिरव्यात भेगांचे जाळे होते त्याला मी 'शेवाळपन्ना' म्हटले, तर झिलई म्हणाले, "शेवाळ म्हटलं की पाय घसरतो हो." म्हणून 'वनराई पन्ना'. मातकट पिवळा तो 'सायंकाळ पुष्कराज'.

मागून ह्यांचा आवाज आला, "तो पुष्कराज नाही. साधा स्फटिक आहे."

"सायंकाळ तरी आहे ना, काका?" झिलई म्हणाले, आणि आम्ही दोघे हसलो. हे हसले नाहीत. चिमटा पुसत बसले.

मी निवडलेला शब्द कुणी पुन्हा म्हणायला सांगावा, असे लग्नानंतर पहिल्यांदाच झाले. खरे ते लिहावे.

१५ मार्च, शनिवार

पहाटमाणिक आठवड्यात अकरा गेले. गिऱ्हाईक आधी कार्ड वाचते, मग खडा बघते, मग पुन्हा कार्ड.

ठिपके असतील तर मी लिहिते, 'गालावरच्या तिळासारखी निसर्गाची खूण'. भेगा असतील तर, 'आत वीज थांबली आहे. प्रत्येक खड्यात तिची वाट निराळी'. ह्यात खोटे काय? ठिपका आहेच. भेग आहेच. मी फाटक्या चादरीला ठिगळ लावते तेव्हा ते फुलाच्या आकाराचे कापते. ते फसवणे होते का?

एक नियम मात्र केला. देवाच्या नावातला एकही शब्द खड्याला द्यायचा नाही. रोज पहाटे ती नावे म्हणते, शेकड्याने पाठ आहेत, हात घातला की मिळतील. पण ती चीज वेगळी. झिलईने दोनदा सुचवले. मी नाही म्हणजे नाही म्हटले. ते म्हणाले, "तुमच्या तत्त्वाचा मला आदर आहे." आवडले मला.

घरी येताना हे म्हणाले, "पहाटमाणिक एकदा भिंगाखाली बघ."

"मला भिंगातलं काय कळतंय?"

"कळेल. भेगाळलेलं माणिक आहे, भेगांत काच वितळवून भरलीय. अर्धं वजन काचेचं."

"आपली भिंत तडकली तेव्हा आपण सिमेंट नाही भरलं?"

"भरलं. पण मग संगमरवरी म्हणून कुणाला दाखवली नाही."

ह्यांना माझे कौतुक झालेले सोसत नाही की काय, अशी शंका येते. एकतीस वर्षांत ह्यांच्यासाठी खुर्चीवरून कुणी उठले नाही.

२४ मार्च, सोमवार

झिलईने आज काम थांबवून चहा मागवला. म्हणाले, "काकू, पहाटमाणकाच्या रंगाबद्दल एक वाक्य हवंय. मनाला भिडणारं. तुम्ही देवाधर्माच्या, तुम्हालाच सुचेल. रंग आणि माणसाचं मन, असं काहीतरी."

कप खाली ठेवण्याआधी सुचले:

'मन निर्मळ, त्याच्या हाती हा रंग खुलतो. मन गढुळले की रंगही मावळतो.'

झिलई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. "काकू," ते म्हणाले, "हे वाक्य दुकान वाचवेल."

दुकानाचे जाऊ दे. रोज बोटाकडे बघून एखाद्याने मन स्वच्छ ठेवले तर माझ्या हातून तेवढी सेवाच घडली. सगळ्या कार्डांवर तीच ओळ लाल शाईने लिहिली. ह्यांना दाखवली. ह्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि विचारले, "हे त्याने सांगितलं की तुला सुचलं?"

"मला सुचलं."

"बरं," म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

नवी योजना सुरू झाली: जुना खडा द्या, मोठा खडा घ्या. आजीच्या, आईच्या अंगठीतला डाळीएवढा खडा आणून द्यायचा आणि बोराएवढे पहाटमाणिक न्यायचे. वर काही द्यायचे नाही. मला योजना पटली. कपाटात पडून राहिलेल्या वस्तूचा उपयोग होतो.

आज आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. सत्तरीच्या आहेत, जिभेला धार. रोज संध्याकाळी माझ्याकडे प्रार्थनेला बसतात, आणि प्रार्थना झाली की सुनेच्या कागाळ्या सांगतात. सुनेला 'आमची महाराणी' म्हणतात. बोटात त्यांच्या आईची अंगठी, तिच्यात लहानसे माणिक.

"हे बघ पोरी, महाराणीच्या बोटात एवढा मोठा खडा," मावशी म्हणाल्या, "आणि माझ्या बोटात डोळ्यांत घालायला पुरेल एवढासा. तू सांग, घेऊ का?"

मी त्यांना कार्ड वाचून दाखवले. लाल ओळ दोनदा वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

तेवढ्यात हे बाहेर आले. गिऱ्हाईक असताना हे कधीच बाहेर येत नाहीत. म्हणाले, "मावशी, तुमचा खडा लहान आहे, पण फार चांगला आहे. राहू द्या बोटात."

झिलई हसत म्हणाले, "काका, आत वजनं राहिलीत."

हे उभेच राहिले. माझ्याकडे बघत होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले; आपल्याच दुकानात आपलाच माणूस गिऱ्हाईक मोडतो! मी म्हटले, "अहो, त्यांना आवडलाय ना? जा तुम्ही आत."

गेले.

९ एप्रिल, बुधवार

ह्यांचे भिंग बिघडले म्हणे. बदल्यात आलेले खडे चाळून, उजव्या मालात मिसळून विकायला काढायचे आहेत, ते सगळे अडले. झिलई म्हणाले, "काका, आठवडा झाला!" हे म्हणाले, "दुरुस्तीला दिलंय. येईल."

संध्याकाळी ह्यांचा कोट धुवायला काढला तर भिंग आतल्या खिशात. मी डोळ्याला लावून बघितले, काही बिघडलेले नाही. काय म्हणावे? उभ्या आयुष्यात कामचुकारपणा न केलेला माणूस. वय झाले, की माझ्यावरचा राग कामावर निघतोय? काही बोलले नाही. भिंग पुन्हा कोटात ठेवले.

झिलईंनी आज सांगितले की पहाटमाणिक एकही परत आलेले नाही. "एकही नाही, काकू! पुण्याई तुमच्या वाक्याची."

१६ एप्रिल, बुधवार

मावशी तीन दिवस प्रार्थनेला आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर हात पदराखाली, आणि "घाईत आहे गं" म्हणून गेल्या. त्यांना कसली घाई?

१८ एप्रिल, शुक्रवार

आज वर गेले. सून कामावर होती. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, बोटाला चिंधी. मला वाटले कापले असेल.

"कापलं नाही गं," म्हणाल्या, आणि चिंधी सोडली.

आईच्या अंगठीत बसवून घेतलेले पहाटमाणिक पांढरे पडले होते. सगळे नाही, आतून जिथे जिथे भेगा होत्या तिथे तिथे, जणू कुणी खडूने रेघा ओढल्या.

"कशाने झालं, मावशी?"

"माझ्याने. अंगठी लिंबाच्या रसात ठेवली होती, तासभर. आई तशीच उजळायची, मीही तशीच उजळते. आईचा खडा चाळीस वर्षं लिंबात धुतला, त्याला कधी काही झालं नाही. मग लिंबाचा काय दोष? दोष माझा आहे. तुझ्या कार्डात लिहिलंय ना."

मी त्यांचा हात खिडकीच्या उजेडात धरला.

"खरंच लिहिलंय गं तू. मी वरून हसते आणि मनात तिला काय काय बोलते ते माझं मला माहीत. परवा तिचं दूध उतू गेलं तर मला आनंद झाला. आनंद! शोभतं का ह्या वयात? आयुष्यभर देवापुढे बसले आणि मन बघ कसं निघालं. सगळं बोटावर आलं." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येऊ प्रार्थनेला? तिथे सगळ्यांना दिसेल."

ती ओळ मी रचली, असे मी म्हणायला हवे होते. तिथेच, त्या खिडकीशी. म्हटले, "असं काही नसतं हो," आणि चहा न घेता खाली आले.

देवापुढे बसले. नावे घ्यायला लागले आणि मध्येच तोंडात 'वनराई' आले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा तेच. उठले.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी दुकानात शिरल्या शिरल्या मागच्या खोलीत गेले. म्हटले, "भिंग द्या."

ह्यांनी खिशातून काढून दिले. बिघडले आहे वगैरे काही बोलले नाहीत. चिमट्यात पहाटमाणिक धरून दिव्याखाली आणले. "हलवू नकोस. आता हळू वळव."

दिसले. फार वेळ लागलाच नाही. भेगांमध्ये बुडबुडे अडकले होते, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. खडा वळवला की भेगेतून निळसर झाक लखकन जायची.

"ती काच," हे म्हणाले. "माणिक लिंबाला दाद देत नाही. काच देते. आंबट लागलं की ती झिजते आणि भेग उघडी पडते."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. तू नावं वाचत होतीस."

मी स्टुलावर बसले. मग विचारले, मावशींचा खडा विकला का. ह्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत कागदाच्या पुड्या, एकेक वेगळी, ओळीने. प्रत्येक पुडीवर ह्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेले: 'वरच्या मावशी'. 'शिवणवाली, पुलाजवळ'. 'शाळेतल्या बाई, चष्मा'. 'नव्या बाळाची आजी'. एकोणीस.

"ह्या मिसळायला सांगितल्या होत्या ना?"

"भिंग दुरुस्तीला होतं," हे म्हणाले.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आले तेव्हा ह्यांच्याकडे बघवेना. म्हणून ह्यांचा कोट उगाच झटकला.

२१ एप्रिल, सोमवार

आज झिलईला गाठले. दुकान उघडायच्या आधी, गल्ल्याशी. मनात दहा वेळा घोकून गेले होते.

"मावशींचा खडा परत द्या. त्यांचं पहाटमाणिक पांढरं पडलंय."

"काकू, मी एक तरी शब्द खोटा बोललो का?" आवाज अगदी मऊ. "कार्डावर 'माणिक' असं नुसतं कुठे लिहिलंय? पहाटमाणिक लिहिलंय. जगात पहाटमाणिक नावाची वस्तू आधी होती का? नव्हती. तुम्ही केलीत. नाव तुमचं, अक्षर तुमचं, ते लाल वाक्य तुमचं. मी फक्त तबक ठेवलं."

"म्हणूनच मी आलेय. माझं आहे म्हणून."

"बरं. आपलं दुकान कुणाला नाही म्हणत नाही. ज्याला खडा बदलून हवा त्याने स्वतः यावं, लेखी मागावं, पांढरा खडा दाखवावा. त्या क्षणी परत. अगदी सगळ्यांसमोर बोललोय मी हे." मग हसले. "पण कुणी मागतच नाही, काकू. काय करू?"

का मागत नाहीत ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी ती ओळ सेवा म्हणून लिहिली, त्यांनी ती कुलूप म्हणून लावली. आणि किल्ली घडवून दिली मी. चहाच्या एका कपावर.

मी म्हटले, "आता मागतील."

त्यांचे हसू जरासे थांबले. "काकांची एकतीस वर्षं झालीत इथे. जपून, हं."

घरी ह्यांना जसेच्या तसे सांगितले. ह्यांचे काम गेले तर ह्या वयात कोण उभे करणार, हा विचार काढून टाकू म्हटला तरी जात नव्हता.

हे म्हणाले, "भिंग माझं स्वतःचं आहे."

एवढेच. पण मला पुरले.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी एकोणीस अर्ज लिहिले. 'मी दिलेला जुना खडा मला परत हवा आहे. घेतलेला खडा सोबत आणला आहे.' खाली सहीला जागा. काळी शाई. एकही विशेषण घातले नाही, आणि तरी हात तीनदा घालायला गेला.

मग वर. सून घरात होती, भाजी निवडत होती. तिच्यासमोरच बोलायचे ठरवले, नाहीतर पुन्हा चहा न घेता खाली आले असते.

"मावशी, ते लाल वाक्य खोटं आहे. मी बसल्या जागी रचलं. तुमचा खडा लिंबाने गेला, मनाने नाही. त्यात काच होती. ह्यांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमच्या आईचा खडा खरा होता, म्हणून त्याला लिंबाचं काही झालं नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितले, मग बोटाकडे. रडतील असे वाटले.

"काच?"

"काच."

"आणि मी काल हिची माफी मागितली!" मावशी ओरडल्या. "हिच्या, ह्या महाराणीच्या, पुढ्यात बसून! दुधाचं सांगितलं, सगळं सांगितलं! सात वर्षांचं सगळं काढून दिलं! फुकट गेली की गं माझी माफी! आता ती कशी परत घेऊ?"

सुनेच्या हातातली भाजी तिथेच राहिली. "घ्या ना परत," ती म्हणाली. "पण मग मी पण माझी परत घेईन. मी पण रडले होते काल."

"तू कशाला रडलीस? तुझ्या बोटात कुठे काच आहे?"

"तुम्ही रडलात म्हणून."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्यावर घसरल्या, आणि ते बरोबरच होते. "आणि तू गं! देवाची नावं घेणारी बाई तू. मला वाटलं तू लिहितेस म्हणजे खरंच असणार. मी कार्डावर नव्हता विश्वास ठेवला, तुझ्यावर ठेवला होता."

मी अर्ज पुढे केला. मावशी म्हणाल्या, "चष्मा दे," आणि सुनेने आपला दिला, कारण त्यांचा सापडेना. सही कागदात रुतेल इतक्या जोरात केली.

२३ एप्रिल, बुधवार

दुकानात चार गिऱ्हाइके होती. मावशी, सून आणि मी आत गेलो. मावशींनी अंगठी काचेच्या कपाटावर ठेवली, शेजारी अर्ज.

झिलईंनी अंगठी हातात घेतली, उजेडात धरली, आणि हळहळल्यासारखे म्हणाले, "अरेरे. मावशी, हा खडा फार हळवा असतो हो. घरात काही ताणतणाव? मनाला काही—"

"माझं मन गढूळच आहे, बाबा," मावशी खणखणीत म्हणाल्या. "सत्तर वर्षांचं गढूळ आहे. माझा खडा दे."

कुणीतरी हसले. एक बाई हातातले पहाटमाणिक तबकात ठेवून पर्स बंद करू लागली. हे मागच्या खोलीतून आले, बोलावल्याशिवाय, आणि पुडी कापडावर उघडली. डाळीएवढे माणिक. मी ते आजवर नीट बघितलेच नव्हते. त्याच्यावर कार्ड नव्हते, म्हणून असेल.

गिऱ्हाइके गेल्यावर झिलई म्हणाले, "काकू, उद्यापासून कार्डांची गरज नाही. आणि काका, तुमचंही आता—"

"अठरा पुड्या माझ्या ताब्यात आहेत," हे म्हणाले. एवढे मोठ्याने बोलताना मी ह्यांना ऐकले नव्हते. "लेखी मागितलं की त्या क्षणी परत, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. त्या दिल्या गेल्या की माझं काय ते विचारा. तोवर मी रोज येणार."

झिलईंनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. थोरल्या मालकांना लावला असावा. पलीकडून काय आले ते कळले नाही. कान मात्र लाल झाले.

२४ एप्रिल, गुरुवार

मावशी प्रार्थनेला आल्या नाहीत. उद्याही येतील असे वाटत नाही. सून मात्र जिन्यात म्हणाली, "त्या तुमच्या नावाने बोटं मोडतात आणि माझ्याशी बोलतात. काकू, थोडे दिवस असंच राहू द्या."

राहू दे.

देवापुढे बसले. नावे सरळ आली, पण आवाज लागत नव्हता. ठरवले आहे, अठराही अर्जांवर सह्या होईपर्यंत देवाजवळ काही मागायचे नाही. नाव घ्यायचे आणि उठायचे.

२६ एप्रिल, शनिवार

आज पुलाजवळची शिवणवाली. हे म्हणाले, "मी येऊ?" मी नको म्हटले. ह्यांनी पत्ता सांगितला, आणि पायऱ्या मोडक्या आहेत, जपून जा, असेही सांगितले. म्हणजे हे आधी जाऊन घर बघून आले होते.

एक खोली, एक यंत्र, भिंतीला टांगलेले अर्धवट झगे. ती गुडघ्यांवर बसून कुणाचा तरी काठ टाचत होती, ओठांत टाचण्या. मान वर करून भुवयांनीच विचारले, काय हवे?

वाटेत सगळे जुळवून ठेवले होते. आधी दुकानाचे सांगायचे, मग योजनेचे, मग हळूहळू. पण तिचा हात बघितला. अंगठी नव्हती. बोटावर तिची पांढरी खूण मात्र होती.

"तुमच्या कार्डावर लिहिणारी मी," मी म्हटले. "रंग उडाला ना?"

तिची नजर यंत्राच्या खणाकडे गेली.

"त्यात काच होती. आंबट लागलं असेल, किंवा धुण्याचा सोडा. मनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती ओळ मी रचली."

तिने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. सात होत्या. उशीत टोचल्या. मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं, अंगठी हरवली म्हणून. घरच्यांना पण. खणात लपवून ठेवलीय. मी म्हटलं, दिसली तर लोक काय समजतील, हिचं मन..." आणि थांबली. "तुम्हाला माझ्या मनाचं काय माहीत होतं?"

"काहीच नाही," मी म्हटले. "तरी लिहिलं."

बसा म्हणाली नाही. मीही बसले नाही. मग उठली, यंत्राच्या खणातून अंगठी काढली, आणि मोकळा हात माझ्यापुढे केला.

"आणा. कुठे सही करायची?"